सर नसले की वर्ग बोलतो: यीस्टच्या मुक्या जनुकांवरच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पुण्याच्या लॅबमधून पार्सल आलं. थर्माकोलच्या डब्यात चार स्लँट, म्हणजे तिरक्या आगरवर यीस्ट वाढवलेल्या नळ्या, तोंडाला पॅराफिल्म. बर्फाचं पाणी झालेलं आणि त्या पाण्याने दोन नळ्यांवरची शाई धुऊन नेलेली. दोन नीट वाचता येतात: बीवाय ४७४१ आणि बीवाय ४७४२, लॅबमधल्या यीस्टच्या दोन जाती. पहिली 'ए' प्रकारची, दुसरी 'अल्फा'. उरलेल्या दोघींपैकी एकीत ४७४१ मधून बार-१ हे जनुक काढलेलं आहे, दुसरीत सर-२. कुठली कुठली ते आता आपणच शोधायचं. काढलेल्या जनुकाच्या जागी दोघींतही तेच प्रतिरोधाचं जनुक बसवलेलं, त्यामुळे जी-४१८ या प्रतिजैविकाच्या प्लेटवर दोघी सारख्याच वाढणार. मॅडमना सांगितलं तर त्या चक्क खूश झाल्या. "बरं झालं. ओळख पटवणं हाच तुमचा पहिला प्रयोग."

विषय एकदा स्वतःसाठी लिहून ठेवते. यीस्टच्या एकपट (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीचा मेटिंग टाइप, म्हणजे जुळणीसाठीचा प्रकार, ए किंवा अल्फा असतो. तो ठरतो तिसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या भागातल्या 'मॅट' या जागेवर काय बसलंय त्यावरून. पण त्याच गुणसूत्राच्या डाव्या टोकाजवळ, एचएमएल या जागी, अल्फाची अख्खी प्रत असते आणि उजव्या टोकाजवळ, एचएमआर या जागी, ए ची. दोन्ही प्रती शाबूत, पण मुक्या. म्हणजे प्रत्येक पेशीकडे दोन्ही प्रकारांची माहिती आहे, वापरात मात्र एकच. आम्हाला बघायचंय ते एवढंच: या प्रती आपसूक गप्प आहेत की त्यांना कोणी तरी सतत गप्प बसवतंय? आणि बसवणाऱ्याचा हात थोडा वेळ धरून ठेवला तर काय होतं?

गुरुवार, ९ जानेवारी

वायपीडी हे यीस्टचं नेहमीचं माध्यम केलं: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २, डेक्स्ट्रोज २, आगर २. ऑटोक्लेव्ह पंधरा पौंडांवर आला आणि लाईट गेली. चाळीस मिनिटांनी आली. मामा म्हणाले, "परत पहिल्यापासून लावा, अर्धं शिजलेलं कोणाच्या कामाचं?" परत लावलं. डेक्स्ट्रोज दोनदा शिजल्यामुळे माध्यम चहाच्या रंगाचं झालंय. चालवून घेतोय.

संध्याकाळी वायपीडीवर चारी जणींच्या जाड रेघा ओढल्या आणि त्यांच्यावरून आडव्या ४७४१ आणि ४७४२ च्या. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे जुळणी व्हायची असेल तर होईल. उद्या या प्लेटचा ठसा मखमलीच्या कापडाने मिथिओनीन आणि लायसीन ही अमिनो आम्लं नसलेल्या प्लेटवर घ्यायचा. ४७४१ ला मिथिओनीन बनवता येत नाही, ४७४२ ला लायसीन. दोघींच्या मीलनातून झालेल्या द्विपट पेशीला दोन्ही येतं. या प्लेटवर वाढेल ती जोडप्याचीच संतती.

शनिवार, ११ जानेवारी

४७४१ आणि ४७४२ च्या छेदावर पांढराशुभ्र चौकोन. शाई गेलेल्या नळ्यांपैकी 'क्ष' ने ४७४२ बरोबर छान चौकोन दिला. 'य' ने कोणाबरोबरच नाही, ना ए शी, ना अल्फाशी. म्हणजे 'क्ष' ही बार-१ नसलेली आणि 'य' ही सर-२ नसलेली. नळ्यांवर पेन्सिलीने लिहिलं. पेन्सिल पाण्याला घाबरत नाही. हे पुण्याला कळवायला हवं.

'य' कडे थोडा वेळ बघत बसले. वायपीडीवर इतरांसारखीच वाढते, सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसते. तिचं मॅट जसंच्या तसं आहे, ए. काढलंय ते भलतंच जनुक. तरी तिची कोणाशीच सोयरीक जमत नाही.

कारण वहीत लिहिलं ते असं. अल्फाच्या प्रतीत दोन जनुकं असतात. अल्फा-१ हे अल्फाची खास जनुकं सुरू करतं, अल्फा-२ हे ए ची खास जनुकं बंद करतं. ए च्या प्रतीतलं ए-१ एकटं असताना काहीच करत नाही, ए असणं ही पेशीची मूळ अवस्थाच आहे. पण ए-१ आणि अल्फा-२ एका पेशीत एकत्र आले की दोघं मिळून एकपट पेशीची सगळी जनुकं बंद करतात, अल्फा-१ सकट. द्विपट पेशीत हेच व्हायला हवं, तिला पुन्हा जोडीदार शोधायचा नसतो. 'य' मध्ये सर-२ नाही, म्हणून एचएमएलची अल्फा प्रत बोलायला लागली. मॅटवर ए-१ होतंच. एकटी असून ती स्वतःला जोडप्यातली समजते.

सर हे नाव 'मुकी माहिती नियंत्रित करणारे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलंय. माझ्या पार्टनरला मात्र त्यात दुसरंच दिसतं. वर्गात सर असले की वर्ग गप्प, सर गेले की गोंगाट. वायवात हे बोलू नकोस म्हणून सांगितलंय.

बुधवार, १५ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी काल संपली, लॅबमध्ये प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ. झोनची चाचणी लावली. बार-१ नसलेल्या ए पेशींचं लॉन (प्लेटभर सलग थर) पसरलं आणि वर ठिपके दिले. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडतात, अल्फा फॅक्टर. ए पेशीला त्याचा वास लागला की ती विभाजन थांबवून जोडीदाराकडे वळते. बार-१ हे ए पेशीचं ते पेप्टाइड तोडणारं विकर. तेच काढून टाकल्यामुळे आमचं लॉन भलतंच हळवं झालंय.

दुसऱ्या दिवशीची भर: ४७४२ च्या ठिपक्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं. ४७४१ च्या भोवती नाही. 'य' च्या भोवतीही नाही. बेकरीतून आणलेल्या ओल्या यीस्टचाही एक ठिपका हौसेने दिला होता, त्यालाही कडं नाही. ते आधीच जोडप्यातलं.

शनिवार, १८ जानेवारी

आज वाचन. १९६३ साली हॉथॉर्न यांनी अशी एक यीस्ट वर्णन केली, जिच्यात अल्फाचं ए झालं होतं आणि त्याबरोबर गुणसूत्राचा एक मोठा तुकडा गळाला होता. नंतर उलगडलं ते असं: मॅट आणि उजवीकडची एचएमआर यांच्यामधलं सगळं गेलं, दोन्ही जागा एकमेकींना चिकटल्या, आणि टोकाला मुकी असलेली ए प्रत बोलू लागली. नवीन काही तयार झालं नव्हतं, होतं तेच उघडं पडलं होतं. १९७१ मध्ये जपानच्या ओशिमा आणि ताकानो यांनी मांडलं की मेटिंग टाइप बदलणारे घटक गुणसूत्रावर दुसरीकडे असतात आणि ते मॅटच्या जागी येऊन बसतात. १९७७ मध्ये हिक्स, स्ट्रॅथर्न आणि हर्स्कोविट्झ यांनी त्याला कॅसेटची उपमा दिली. टेपरेकॉर्डर एकच, मॅट. कपाटात दोन कॅसेटी. लावाल ती वाजेल. आईला हे एका मिनिटात समजलं. धाकट्या भावाला आधी कॅसेट समजावून सांगावी लागली.

कॅसेट बदलतं ते एचओ नावाचं विकर. ते मॅटवर डीएनएचे दोन्ही धागे कापतं, मग पेशी मुक्या प्रतीवरून नक्कल करून ती फट भरते. मूळ प्रत जागची हलत नाही. मला थांबवलं ते याने: एचओ ज्या क्रमावर कापतं तोच क्रम एचएमएल आणि एचएमआर मध्येही आहे, पण तिथे ते कापू शकत नाही. मुकेपण म्हणजे फक्त वाचायला बंदी नाही, कात्रीलाही आत जागा नाही. आणि रानटी यीस्टमध्ये प्रकार बदलते ती आई, नुकती झालेली मुलगी नाही. मुलीच्या वाट्याला अ‍ॅश-१ हे प्रथिन येतं, ते एचओ बंद ठेवतं. आमच्या दोन्ही जातींत एचओ निकामी आहे, म्हणून त्या आपला प्रकार धरून राहतात. नाही तर सगळा प्रकल्प आठवडाभरात आपापसात लग्नं लावून मोकळा झाला असता.

या गोष्टीत एक नाव पंजाबचं आहे, अमर क्लार. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात शिकले, विस्कॉन्सिनला पीएचडी केली आणि पुढे कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये हिक्स आणि स्ट्रॅथर्न यांच्याबरोबर काम केलं. १९७९ मध्ये त्यांनी फोगेल आणि मॅक्लाउड यांच्याबरोबर मार-१ नावाचं जनुक वर्णन केलं, जे बिघडलं की दोन्ही मुक्या प्रती बोलतात. तेच आपलं सर-२. आमच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात कॅसेटचं चित्र होतं, हे नाव नव्हतं.

बुधवार, २२ जानेवारी

खरा प्रयोग आजपासून. सर-२ चं काम २००० साली कळलं: हिस्टोनवरचा (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचा) अ‍ॅसिटाइल गट काढणं, आणि त्यासाठी ते एनएडी हा पेशीतला मदतनीस रेणू खर्च करतं. या खर्चातून सुटं होतं निकोटिनामाइड, आणि तेच निकोटिनामाइड सर-२ ला अडवतं. ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, स्वस्त. म्हणजे जनुकाला हात न लावता, नुसतं माध्यमात मिसळून, ४७४१ ची 'य' करता यायला हवी.

मात्रा ५ मिलिमोलर. रेणुभार १२२, म्हणजे १०० मिलिलिटरला ६१ मिलिग्रॅम. कपाटातून बाटली काढली, वजन केलं, वायपीडीत टाकलं. विरघळायला जरा वेळ लागला. ४७४१ रात्रभर त्यात वाढवायची, सकाळी ४७४२ मध्ये मिसळून पाच तास ठेवायचं आणि मग निवड-प्लेटवर, म्हणजे मिथिओनीन-लायसीन नसलेल्या प्लेटवर, पसरायचं.

शनिवार, २५ जानेवारी

काहीही झालं नाही. निकोटिनामाइडमधल्या ४७४१ ने साध्या ४७४१ इतकीच जोडपी दिली. दोन्ही प्लेटा गच्च. पार्टनर म्हणते पेपर चुकीचे असतील. मी म्हणते मात्रा कमी पडली असेल. उद्या रविवार, परवा मात्रांची मालिका लावू.

सोमवार, २७ जानेवारी

मालिकेसाठी १ मोलरचा साठा करायला घेतला: १० मिलिलिटर पाण्यात १.२२ ग्रॅम. हलवलं, गरम केलं, परत हलवलं. तळाशी पांढरा गाळ तसाच. मॅडम मागून जात होत्या, थांबल्या. "काय करतेयस गं?"

"निकोटिनामाइड विरघळत नाहीये मॅडम."

"निकोटिनामाइड साखरेसारखं विरघळतं. बाटली आण बघू."

बाटलीवर लिहिलं होतं निकोटिनिक आम्ल. शेजारी त्याच कंपनीची, त्याच झाकणाची दुसरी बाटली, निकोटिनामाइडची, सील न तोडलेली. दोघांच्या रेणुभारात जेमतेम एकाचा फरक, त्यामुळे हिशेबानेही शंका घेतली नाही. बुधवारपासून मी पेशींना भलतंच जीवनसत्त्व पाजत होते.

मला रडू यायचं बाकी होतं. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, प्लेटा फेकू नका, हा तुमचा सर्वांत चांगला कंट्रोल आहे. निकोटिनिक आम्लापासूनही पेशी एनएडी बनवते, पण ते सर-२ ला अडवत नाही. उद्या निकोटिनामाइडने जोडपी कमी झाली तर कोणी म्हणणार नाही की कुठलंही ब-३ घातलं की असंच होतं. शनिवारच्या नोंदीत वरून काही खोडलेलं नाही. बाटलीचं नाव फक्त इथे दुरुस्त केलंय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

खरं निकोटिनामाइड, ५ मिलिमोलर, रात्रीच्या वाढीतही आणि मीलनाच्या पाच तासांतही. निवड-प्लेटवर साध्या ४७४१ च्या वसाहती मोजता येईनात इतक्या, निकोटिनामाइडवाल्या प्लेटवर एकोणीस. निकोटिनिक आम्लवाली पुन्हा गच्च. पेशी मेल्या नाहीत हे बघायला वायपीडीवरही पसरल्या होत्या, तिथे तिघींच्या वसाहती जवळपास सारख्या.

मी उड्या मारत होते. पार्टनर गप्प. मग म्हणाली, "आपण नक्की कोणाचं तोंड उघडलं गं?"

मला कळेना. तिने फळ्यावर काढून दाखवलं. मीलनाच्या पाच तासांत निकोटिनामाइड मिश्रणात होतं, आणि त्याच मिश्रणात ४७४२ सुद्धा होती. तिच्या टोकाला मुकी ए प्रत आहे, तीही उघडली असणार. अल्फा पेशी अल्फा राहिली नसेल तर अल्फा फॅक्टर कोण सोडणार? जोडपी कमी झाली ती ए बहिरी झाली म्हणून की अल्फा मुकी झाली म्हणून, हे आमची प्लेट सांगूच शकत नाही. आठ दिवसांच्या कामावर पाणी. पण ती बरोबर होती, आणि हे मला सुचायला हवं होतं. सहामाहीच्या सादरीकरणात कोणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तोडगा: अल्फा पेशी समोर आणायच्याच नाहीत, फक्त त्यांचा निरोप आणायचा. ४७४२ साध्या माध्यमात रात्रभर वाढवली, पेशी खाली बसवल्या, वरचं द्रव ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलं. या गाळलेल्या द्रवात अल्फा फॅक्टर आहे, अल्फा पेशी नाहीत. ऐकणारी म्हणून बार-१ नसलेली 'क्ष'. अर्धं गाळलेलं द्रव, अर्धं ताजं वायपीडी, एका नळीत निकोटिनामाइडसह, एकीत शिवाय. 'क्ष' रात्रभर तशाच माध्यमात वाढलेली. ३० अंशांवर तीन तास.

मग सूक्ष्मदर्शक. चाळीसच्या भिंगाखाली साध्या नळीतला थेंब बघितला आणि पार्टनरला हाकच मारली. गोल पेशी शोधून सापडेना. प्रत्येकीला एका बाजूने चोच फुटलेली, नासपतीसारखा आकार, काहींना दोन-दोन चोची. पुस्तकात याला श्मू म्हणतात, कुठल्याशा अमेरिकन चित्रकथेतल्या प्राण्यावरून. मला त्या सुगडात ठेवतात त्या वाटाण्याच्या दाण्यांना कोंब आल्यासारख्या दिसल्या. जोडीदार कुठेच नाही, नुसत्या गाळलेल्या पाण्याला चोची.

निकोटिनामाइडच्या थेंबात गोल पेशी, कडेला छोटीशी गोल कळी, काही ठिकाणी कळीला कळी, म्हणजे विभाजन चालूच. निरोप पोचतोय, कोणी ऐकत नाही. शंभर मोजल्या, चार श्मू. साध्या थेंबात शंभरात एक्याण्णव. 'य' मात्र दोन्हीकडे कळ्याच काढत होती, तशी ती काढणारच.

फोटो मोबाइल आयपीसला टेकवून काढले. कडा काळ्या आल्यात, पण चोच दिसते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कमी मात्रा लावली, १ मिलिमोलर. मला वाटलं होतं सगळ्या पेशी अर्धवट वागतील, म्हणजे बोथट, छोट्या चोची. तसं नाही. चोची पूर्ण, कळ्याही पूर्ण. शंभरात अडतीस श्मू. एकाच दृश्यात, एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन पेशी, एकीने चोच काढलेली, दुसरीने कळी. जनुकं तीच, माध्यम तेच, थेंब तोच.

हे बघून १९८९ चा पिलस आणि राइन यांचा पेपर परत काढला. सर-१ बिघडलेल्या यीस्टमध्ये त्यांनी हेच बघितलं होतं: एकसारख्या जनुकांच्या पेशींत काही मुक्या प्रती राखणाऱ्या, काही उघड्या, आणि प्रत्येक अवस्था मुली-नातींपर्यंत बरीचशी तशीच जाणारी. अवस्था मधूनमधून पलटतेही. मॅडमनी लगेच ब्रेक लावला. आमच्या थेंबात कोण कोणाची मुलगी हे आम्हाला माहीत नाही. कुळाचा माग घ्यायचा तर एकेक पेशी उचलून ठेवणारी सुई लागते, ती आमच्याकडे नाही. "मिश्र दिसलं एवढंच लिहा. वारसा लिहू नका." लिहिलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

धुण्याचा प्रयोग. निकोटिनामाइडमधली 'क्ष' तीनदा धुतली आणि दोन भाग केले. एका भागाला लगेच गाळलेलं द्रव, दुसऱ्याला आधी तीन तास साधं वायपीडी आणि मग द्रव. दुसऱ्या भागात चोची परत आल्या, जवळपास पहिल्यासारख्या. पहिल्या भागात बऱ्याच जणींनी आधी एक कळी काढली, आणि मग उशिरा चोच. १९८४ मध्ये मिलर आणि नॅस्मिथ यांनी दाखवलं होतं की गेलेलं मुकेपण परत यायला पेशीला डीएनएच्या नकलेच्या टप्प्यातून जावं लागतं. आमच्या पहिल्या भागातल्या त्या एका कळीशी हे जुळतं. सिद्ध होत नाही, जुळतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी धरून आठवडा अहवाल लिहिण्यात गेला. आज मॅडमनी मसुद्यातल्या एकाच वाक्याखाली लाल रेघ ओढली: 'निकोटिनामाइडमुळे एचएमएल बोलते, म्हणून ए पेशी बहिरी होते.' शेजारी लिहिलं: 'पहिल्या अर्ध्याला पुरावा?'

खरंय. निकोटिनामाइड पेशीत इतरही विकरांना त्रास देतं. सर-२ ची बहीण-विकरं आहेत, एचएसटी नावाची चार. आम्ही फक्त पेशी बहिरी झालेली पाहिली. ती एचएमएलमुळेच झाली हे ठरवणारी एकच गोष्ट आहे: एचएमएल मुळातूनच काढलेली ए जात. तिच्यात उघडायला अल्फा प्रतच नाही. ५ मिलिमोलरमध्येही तिने चोच काढली तर आमचं वाक्य उभं राहतं, नाही काढली तर खोडायचं.

पुण्याला पत्र लिहिलं. जमलं तर बार-१ सुद्धा नसलेली द्या, म्हणजे गाळलेलं द्रव तेच वापरता येईल. सोबत रिकाम्या नळ्या पाठवतेय, लेबलं आधीच पेन्सिलीने लिहून.